कोरून उरलेला सह्याद्री

हिमालय वर उचलला गेला हे शाळेत सगळेच शिकतात. सह्याद्रीची गोष्ट वेगळी आहे आणि ती तितक्या आवर्जून सांगितली जात नाही, याची मला खंत वाटते. सह्याद्रीच्या दगडाला हिमालयासारख्या घड्या पडलेल्या नाहीत. राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड, साल्हेर हे सगळे एका अवाढव्य पठाराचे उरलेले तुकडे आहेत. बाकीचं पठार वाहून गेलं. आज जिथे दरी दिसते, तिथेही एके काळी दगडच होता.

पावसाळा संपल्यावर स्वच्छ हवेत तोरण्यावरून राजगडाकडे पाहिलं की हे सहज पटतं. दोन्हीकडच्या कड्यांवर आडव्या रेघा दिसतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून लाव्हा पुन्हापुन्हा बाहेर आला, पसरला आणि थिजला. त्या थरांच्या या कडा. पश्चिमेकडे त्यांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या आसपास भरते आणि आज उरलेला त्यांचा विस्तारही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे.

हे थर सारखे कठीण नाहीत. विहिरी खणणाऱ्यांना हे भूशास्त्राच्या पुस्तकाशिवाय ठाऊक असतं. काळी माती संपली की मुरूम, मग कुठे मऊ, छिद्राळ दगड म्हणजे मांजऱ्या, कुठे सुरुंगालाही दाद न देणारा काळा पाषाण आणि अधूनमधून तांबड्या मातीचा पट्टा. पाषाण टिकतो, त्याचा उभा कडा होतो. मांजऱ्या आणि तांबडा थर लवकर झिजतात, तिथे उतार किंवा टप्पा तयार होतो. गडांना टप्प्याटप्प्यांचा आकार येतो तो यामुळे.

झिजेची सुरुवात मात्र फार शांतपणे होते. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होतं, मातीतून झिरपताना आणखी होतं. ते दगडाच्या फटींत शिरतं आणि त्यातली खनिजं हळूहळू बदलून त्यांची चिकणमाती करतं. आपली कापसाची काळी जमीन याच कामातून आली. राजगडाच्या सुवेळा माचीवरचं नेढं, म्हणजे कड्याला पडलेलं आरपार भोक, वाऱ्याने पाडलं असं गडावर हमखास ऐकू येतं. पण नुसता वारा बेसॉल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याचा हा काळा दगड, कापू शकत नाही, त्यासाठी हाताशी भरपूर वाळू लागते. दगड आधी पाण्याने कुजवला. सुटे झालेले कण आणि तुकडे मग वारा, पाऊस आणि गुरुत्वाकर्षणाने बाहेर काढले.

नदीचं काम बघायला निघोजला जावं, तेही उन्हाळ्यात, कुकडीचं पाणी उतरल्यावर. पारनेर तालुक्यातल्या या गावाजवळ नदीच्या पात्रात शेकडो रांजणखळगे आहेत. पुराच्या पाण्याला जिथे भोवरा पडतो, तिथे खडकातल्या एखाद्या खोलगट जागेत गोटे अडकतात. ते गरागरा फिरतात, खडक घासतात आणि स्वतःही झिजून गोल होतात. ते संपले की पुढच्या पुरात नवे येतात. खळग्याच्या भिंतीवर हात फिरवून पाहा, ती गुळगुळीत लागते. काही ठिकाणी तोंडापेक्षा पोट मोठं असतं. शेजारच्या दोन खळग्यांमधली भिंत पातळ होत जाते, तिला भोक पडतं, मग ती कोसळते आणि दोन्ही एक होतात. असे खळगे एकमेकांत मिसळत गेले की नदीला आणखी खोल वाट मिळते. नुसत्या पाण्याला हे साधलं नसतं; खडक कापणारं हत्यार म्हणजे ते गोटे.

काळाचा हिशेब एकदा करून पाहावा. समजा, जमीन वर्षाला मिलिमीटरचा फक्त शंभरावा भाग झिजली, म्हणजे दहा वर्षांत वहीच्या कागदाएवढी. कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण ६ कोटी ६० लाख वर्षांत या वेगाने ६६० मीटर दगड नाहीसा होतो.

प्रत्यक्षात झीज सगळीकडे सारखी नसते आणि इथे वाऱ्याचा खरा वाटा कळतो. नैर्ऋत्य मोसमी वारे समुद्रावरची वाफ आणून घाटमाथ्यावर रिती करतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला जेमतेम ३० किलोमीटरवर असलेल्या वाईच्या वाट्याला त्याचा लहानसा हिस्सा येतो. शिवाय कोकणात उतरणाऱ्या ओढ्यांना थोडक्या अंतरात शेकडो मीटर खाली जायचं असतं. त्यांची धार तीव्र, कापण्याची ताकद मोठी. ते घाटाची कड मागे मागे, पूर्वेकडे खात जातात. गोदावरीचं मात्र उलट आहे. अरबी समुद्रापासून सुमारे ८० किलोमीटरवर, ब्रह्मगिरीत ती उगम पावते आणि त्या समुद्राकडे पाठ करून १४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला मिळते. म्हणून पश्चिमेला कडे आणि पूर्वेला रुंद, निवांत खोरी.

बर्फाने सह्याद्री कोरलेला नाही. पण महाराष्ट्रात हिमनदीची खूण आहे आणि ती चक्क उन्हाने होरपळणाऱ्या चंद्रपूर जिल्ह्यात! इरईजवळच्या चुनखडकाचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत झालेला असून त्यावर समांतर ओरखडे आहेत. बर्फाच्या तळाशी रुतलेले दगड पुढे सरकताना असेच ओरखडतात. त्या खडकावर बारीक गाळात मोठमोठे धोंडे मिसळलेला थर आहे. वाहतं पाणी दगडगोटे आणि गाळ आकारानुसार वेगळे करत जातं; हिमनदी सगळं एकत्रच टाकून देते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फेडन यांनी १९व्या शतकात या खुणा नोंदवल्या. त्या साधारण ३० कोटी वर्षांपूर्वीच्या आहेत. तेव्हा ही भूमी गोंडवन या प्राचीन महाखंडाचा भाग होती आणि दक्षिण ध्रुवापासून फार लांब नव्हती. सह्याद्रीचा लाव्हा यायला अजून वीस कोटींहून अधिक वर्षं होती.

झीज नेहमीच कागदाच्या जाडीने होते असंही नाही. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव दरडीखाली गेलं, दीडशेहून अधिक माणसं गेली. २०२१मध्ये तळिये, २०२३मध्ये इर्शाळवाडी. तीव्र उतारावरची कुजलेल्या दगडाची माती सलग अतिवृष्टीत पाण्याने गच्च होते आणि एकदम सुटते. उताराचा पायथा रस्त्यासाठी किंवा सपाटीकरणासाठी तोडलेला असेल, तर तिला सुटायला कमी पाऊस पुरतो.

या सगळ्या मातीचा एक वाटा गोदावरी आणि कृष्णेने पूर्वेला नेला. आंध्रातल्या सुपीक त्रिभुज प्रदेशांत आपल्या बेसॉल्टचाही गाळ आहे. गेल्या काही दशकांत हा प्रवास बराचसा अडला आहे, कारण जायकवाडी, उजनीसारख्या जलाशयांत गाळ आधीच बसतो. तिकडे किनारा काही ठिकाणी मागे हटतो आहे आणि इकडे धरणांची साठवण दरवर्षी थोडी कमी होते आहे.