समाजमाध्यम दुव्यांचे हेल्पर (घोस्ट)

घोस्ट या मुक्तस्रोत प्रकाशन प्रणालीच्या थीममध्ये (साइटचे रूप ठरवणाऱ्या फाइलींत) वापरायची छोटी फंक्शन्स. सेटिंग्जमध्ये भरलेल्या खात्याच्या नावावरून ती पूर्ण वेबपत्ता तयार करतात. २०१३ साली आलेल्या घोस्टची टेम्प्लेट्स, म्हणजे पानांचे साचे, हँडलबार्स या साचे लिहिण्याच्या भाषेत लिहिली जातात, त्यामुळे हेल्परचे नाव दुहेरी महिरपी कंसात येते.

‘फेसबुक_यूआरएल’ आणि ‘ट्विटर_यूआरएल’ हे दोन जुने हेल्पर (फाइलमध्ये नावे अर्थातच रोमन छोट्या अक्षरांत). २०२३ मध्ये ट्विटरचे एक्स झाले, हेल्परचे नाव मात्र तेच राहिले. नंतर आलेल्या ‘सोशल_यूआरएल’ला कोणते माध्यम हवे ते ‘टाइप’मधून सांगावे लागते. लेखकाची थ्रेड्स, ब्लूस्काय, लिंक्डइन अशी खाती त्यानेच जोडता येतात.

खरी गोम हेल्पर नाव कुठे शोधतो यात आहे. समजा, सोलापुरातल्या एका बातमीस्थळाचे फेसबुक पान सेटिंग्जमध्ये आहे, पण अक्कलकोटच्या वार्ताहराने स्वतःच्या प्रोफाइलमध्ये काहीच भरलेले नाही. लेखकाच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे टेम्प्लेटच्या लेखकाची माहिती दाखवणाऱ्या भागात, नुसता ‘फेसबुक_यूआरएल’ लिहिला, तर लेखकाकडे नाव न मिळाल्याने तो साइटच्या सेटिंगकडे वळतो आणि वार्ताहराच्या नावाखाली संस्थेचे पान उघडते. दुवा चालतो, म्हणून चूक महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाही. त्यामुळे लेखकाच्या ब्लॉकमध्ये दुव्याभोवती ‘इफ फेसबुक’ आणि तळपट्टीत ‘इफ @साइट.फेसबुक’ ही अट घालावीच. दोन्हीकडे नाव नसेल तर हेल्पर काहीच देत नाही. अशा वेळी अट नसली तर रिकाम्या दुव्यावर टिचकी मारल्यावर तेच पान पुन्हा उघडते.

खाते देवनागरीत भरून चालत नाही. एक्सच्या नावात रोमन अक्षरे, अंक आणि अंडरस्कोर एवढेच चालतात, तेही जास्तीत जास्त १५. सुरुवातीचे @ हेल्पर स्वतः काढतो. दुव्यात नुसते चिन्ह असेल तर ‘एरिया-लेबल’ (aria-label, दुव्याला दिलेले न दिसणारे नाव) द्यावे, नाहीतर स्क्रीन रीडरला (अंधांसाठी पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला) माध्यमाचे नाव कळत नाही.

चादर-टॉवेलच्या व्यापाऱ्याला यातले बहुतेक नकोच असते; त्याला हवे असते व्हॉट्सअ‍ॅप. त्यासाठी असा हेल्पर नाही. ‘डब्ल्यूए.मी’ (wa.me) आणि तिरकी रेघ यांच्यापुढे ९१ व दहा अंकी क्रमांक सलग लिहून दुवा थेट टेम्प्लेटमध्ये टाकावा. अधिक चिन्ह, सुरुवातीचे शून्य किंवा मधली रेघ राहिली, तर गप्पांची खिडकी उघडण्याची खात्री नाही.