मागच्या चाकाचं वळण : नव्या ट्रकचालकांसाठी माहितीपत्रक

जड वाहन शिकायला आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांना मोटार चांगली चालवता येते. सिग्नल, थांबरेषा, ओव्हरटेकची बंदी हे नियम त्यांना पाठ असतात आणि ट्रकलाही ते तसेच लागू आहेत. त्यामुळे त्यावर आम्ही फार वेळ घालवत नाही. खरी अडचण वळणावर येते.

वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, ती आतल्या बाजूने कापत जातात. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर जेवढं जास्त, तेवढा हा काप मोठा. ट्रेलरला तर आणखीच. म्हणून वाहतूक डाव्या बाजूने चालते तिथे डावं वळण सगळ्यात अवघड. नवा चालक मोटारीच्या सवयीने लवकर स्टिअरिंग फिरवतो आणि मागचं चाक पदपथावर चढतं. त्याऐवजी सरळ थोडं पुढे जा, मग फिरवा, आणि डावा आरसा सोडू नका. कोपरा टाळायला आधीच उजवीकडे झोल मारायची सवय अनेकांना असते. आम्हाला ती मुळीच पसंत नाही. डावीकडे जागा मोकळी दिसली की दुचाकीवाला त्यात शिरणारच, आणि तो आरशात दिसेलच असं नाही.

उजव्या वळणात उलटं होतं. मागच्या चाकांच्या पलीकडे बाहेर आलेली बॉडी डावीकडे झुलते, शेजारच्या लेनमधल्या गाडीला घासते. आणि हिरवा दिवा मिळाला तरी ज्या रस्त्यात तुम्ही वळताय तो ओलांडणाऱ्या माणसांना आधी जाऊ द्यायचं. केबिनच्या अगदी पुढ्यात उभं असलेलं लहान मूल काचेतून दिसत नाही, हे निघण्यापूर्वी आठवा.

आता वेगाबद्दल. वळणावर गाडीला बाहेर ढकलणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी २० ऐवजी ४० ने वळलात तर तो दुप्पट नाही, चौपट होतो. मोटार अशा वेळी बहुधा घसरते. उंच भरलेला ट्रक घसरण्याआधीच कलंडू शकतो. अर्धा भरलेला टँकर याहून वाईट, कारण आतला द्रव स्वतःच एका बाजूला धावतो. म्हणून ब्रेक आणि गिअर वळणाआधी, सरळ रस्त्यावरच. वळणाच्या मधोमध जोरात ब्रेक दाबला तर ट्रेलर घडी पडल्यासारखा केबिनवर येऊ शकतो. न्यूट्रलमध्ये वळणं तर नकोच.

रिव्हर्सला क्लीनर मागे उभा करा, पण तो आरशातून नाहीसा झाला की त्याच क्षणी थांबा. ओरडून विचारत बसू नका.

आमच्याकडे पहिल्या दिवशी स्टिअरिंग मिळत नाही, याची काहींना चीड येते. मोकळ्या मैदानात शंकू लावून प्रशिक्षक गाडी वळवतो आणि तुम्ही लांब, बाहेरच्या बाजूला उभं राहून फक्त मागचं चाक बघायचं. दुसऱ्या दिवसापासून गाडी तुमच्या हातात. येताना परवाना आणा आणि बंद बूट घाला. चपलेवर आम्ही कुणालाही क्लचवर पाय ठेवू देत नाही.