पाळकाचा पगार: मजुरी, मानधन आणि मंडळीचे देणे

पाळकाने, म्हणजे ख्रिस्ती मंडळीच्या धर्मगुरूने, सेवेबद्दल पगार घ्यावा की नाही, हा विषय मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये निघाला की दोन्ही बाजू प्रेषित पौलाचाच आधार घेतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात मळणीच्या बैलाला मुसके बांधू नये हा नियमशास्त्राचा दाखला देऊन पौल सुवार्तिकाचा उपजीविकेचा हक्क सिद्ध करतो आणि तो हक्क आपण मात्र बजावला नाही, असेही तिथेच नोंदवतो. करिंथमध्ये त्याने तंबू करण्याच्या धंद्यावर पोट भरले. फिलिप्पैकरांनी पाठवलेली मदत मात्र स्वीकारली. हक्क कायम ठेवून तो कोणाकडून घ्यायचा आणि कोणाकडून नाही, हे त्याने त्या त्या मंडळीकडे पाहून ठरवले. पुढच्या सगळ्या वादात हाच धागा वारंवार सुटलेला दिसतो.

गुंता वाढवला तो एका शब्दाने. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात चांगला कारभार करणारे वडील (मंडळीचे पुढारी), विशेषतः उपदेश आणि शिक्षणात श्रम घेणारे, दुप्पट सन्मानास पात्र आहेत, असे म्हटले आहे. इथला मूळ ग्रीक शब्द ‘तिमे’ हा आहे. त्याचा अर्थ मान असा होतो, तसाच मोल किंवा किंमत असाही होतो. यहूदाने परत केलेल्या तीस रुपयांना मत्तयाच्या शुभवर्तमानात रक्ताचे मोल म्हटले आहे, तिथेही हाच शब्द आहे. मराठी वाचकासमोर फक्त ‘सन्मान’ येतो आणि पैशाचा संबंध दृष्टीआड होतो. वास्तविक पुढच्याच वचनात तोच मळणीचा बैल आणि मजुरीस पात्र असलेला कामकरी येतो, त्यामुळे इथे निव्वळ आदरच अभिप्रेत आहे असे म्हणणे कठीण आहे. मराठीत या शब्दाच्या सर्वांत जवळचा शब्द ‘मानधन’ आहे, कारण त्यात मान आणि धन दोन्ही आहेत. पण व्यवहारात मानधन म्हणजे पगारापेक्षा कमी, देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असलेली रक्कम, असा अर्थ रूढ झाला आहे. त्यामुळे एखादी मंडळी ‘आम्ही पाळकाला पगार नव्हे, मानधन देतो’ असे म्हणते, तेव्हा ते पौलाच्या शब्दाशी जुळते की त्यातून केवळ जबाबदारी हलकी होते, हे वेगळे तपासावे लागते.

युरोपातील मधल्या शतकांचा तपशील इथे आवश्यक नाही. इ. स. ७७९ मध्ये फ्रँकिश राज्यात दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, राजाज्ञेने सक्तीचा झाला आणि ऐच्छिक अर्पणाचा कर बनला, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुरे. सतराव्या शतकात इंग्लंडमधील काही पंथांनी पगारी धर्मसेवाच नाकारली आणि दशमांश न भरल्याबद्दल तुरुंगवास पत्करला.

आपल्याकडचा प्रश्न खऱ्या अर्थाने १८१३ पासून सुरू होतो. त्या वर्षीच्या सनदी कायद्याने कलकत्त्याच्या बिशपला वर्षाला ५,००० पौंड आणि त्याच्या हाताखालच्या तीन आर्चडीकनना प्रत्येकी २,००० पौंड वेतन ठरवून दिले, आणि तेही हिंदुस्थानच्या महसुलातून. म्हणजे ज्याचा ख्रिस्ती उपासनेशी काडीचा संबंध नव्हता, तो शेतकरीही त्या वेतनाला हातभार लावत होता. त्याच वर्षी अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. ते न्यू इंग्लंडमधून आले होते, आणि तिथल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात पाळकांच्या निर्वाहासाठी कर घेण्याची पद्धत १८३३ पर्यंत टिकून होती. १८३१ साली त्यांचे काम अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला, सुरू झाले आणि पहिल्या एतद्देशीय सेवकांचा पगार साहजिकच मिशनच्या तिजोरीतून निघू लागला.

१८५४-५५ मध्ये मिशनच्या मुख्यालयातून, बोस्टनहून, आलेल्या शिष्टमंडळाने या व्यवस्थेला हात घातला. देशी मंडळीला देशी पाळक असावा, त्याचा निर्वाह त्याच मंडळीने करावा, आणि म्हणून त्याचे राहणीमान मंडळीला पेलेल इतकेच असावे, असा त्याचा आग्रह होता. इंग्रजी शिकलेला तरुण सरकारी नोकरीच्या पगाराशी तुलना करील आणि खेड्यातल्या मंडळीच्या हाताबाहेर जाईल, या भीतीने शिक्षणाचा भरही मराठीवर देण्यात आला. स्वावलंबनाचे तत्त्व योग्यच होते आणि ते अधिक निष्ठेने पाळले गेले असते तर पुढचे बरेच दुखणे टळले असते. मात्र त्यातली असमानता नाकारता येत नाही: मंडळीच्या ऐपतीचे माप देशी पाळकाला लागू झाले, बोस्टनहून वेतन घेणाऱ्या मिशनऱ्याला लागू झाले नाही.

नगर जिल्ह्यातील खेड्यांत बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबे बलुत्यावर आणि मजुरीवर जगणारी होती आणि त्यांच्या हाती रोकड क्वचितच येई. म्हणून देणे धान्याच्या रूपात येऊ लागले. हंगामानंतरच्या उपकारस्तुतीच्या उपासनेत वेदीपुढे ज्वारी-बाजरीची गाठोडी, भोपळे, अंडी, पाय बांधलेली कोंबडी ठेवली जाते आणि उपासनेनंतर अंगणात त्यांचा लिलाव होतो. गावच्या मंडळीतला हा दिवस ज्याने पाहिला आहे त्याला स्वावलंबन म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. परंतु १८७६-७८ आणि पुन्हा १८९६ ते १९०० च्या दुष्काळांत देणाऱ्यांचीच उपासमार झाली, मिशनच्या मदतीवरचे अवलंबन वाढले, आणि ‘मिशनचा पगारी’ हे दूषण उपदेशकाच्या पाठीस लागले.

या दूषणाला महाराष्ट्रात विशेष धार होती. कीर्तनकाराने जिथे कीर्तन करावे तिथे अन्न घेऊ नये, आपल्या तट्टासाठी आणि बैलासाठी दाणावैरणही मागू नये, द्रव्य घेणारा आणि देणारा दोघेही नरकाला जातात, असे तुकोबांनी बजावून ठेवले आहे. पौलाचा बैल मळणीत खाऊ शकतो. तुकोबांच्या कीर्तनकाराच्या बैलाला यजमानाचा दाणा वर्ज्य आहे. तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलेल्या आणि मराठी वाचकांना फुलामुलांचे कवी म्हणून परिचित असलेल्या पाळकाने, रेव्हरंड ना. वा. टिळकांनी, १९१७ साली मिशनच्या नोकरीचा आणि पगाराचा त्याग करून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभारला, त्यामागे हीच परंपरा होती. दोन वर्षांतच, १९१९ मध्ये, त्यांचे निधन झाले. त्यांच्या या पावलाचा दाखला बिनपगारी सेवेच्या बाजूने आजही दिला जातो, परंतु त्यांनी सोडला तो मिशनचा पगार होता. मंडळीने आपल्या पाळकाला पोसू नये, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

हिंदुस्थानातील अँग्लिकन मंडळीचा इंग्लंडच्या चर्चशी असलेला कायदेशीर दुवा १९३० मध्ये तुटला, आणि १९२९ नंतरच्या मंदीत अमेरिकन अनुदानांनाही कात्री लागली. १९७० साली नागपूर येथे उत्तर भारतातील सहा चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाल्यानंतर पाळकांचे वेतन धर्मप्रांताच्या, म्हणजे एका बिशपच्या अखत्यारीतील मंडळ्यांच्या, मध्यवर्ती निधीतून देण्याची रीत रुळली: प्रत्येक मंडळीने ठरलेला वाटा वर पाठवायचा आणि वेतन तिथून खाली यायचे. यामुळे लहान खेड्यालाही पाळक मिळतो, हा या व्यवस्थेचा मोठा गुण आहे; पण आपले धान्य आपल्या पाळकाच्या घरी जाते, हा अनुभव विरळ झाला. स्वतंत्र मंडळ्यांत याच्या उलट दशमांश थेट पाळकाच्या हाती पडतो आणि हिशेब मांडायचा कोणासमोर, हे पुष्कळदा ठरलेलेच नसते. जुन्या मंडळ्यांत आजही रविवारी उपासना संपल्यावर दोन पंच दानाची थैली टेबलावर रिती करतात, नाणी वेगळी लावून रक्कम मोजतात आणि वहीत लिहून खाली दोघेही सही करतात. वर पाठवायचा वाटा निघतो तो याच वहीतून.