'ग्रॉक': मंगळावरून आलेल्या शब्दाची पार्श्वभूमी

'ग्रॉक' हे क्रियापद १९६१ सालच्या एका अमेरिकी विज्ञान कादंबरीतलं. मंगळवासीयांनी वाढवलेला माणूस पृथ्वीवर येतो, त्याच्या तोंडी ते आहे. शब्दशः अर्थ 'पिणे'. मंगळावर पाण्याचा तुटवडा, म्हणून पाणी वाटून पिण्याइतकं जवळचं नातं दुसरं नाही. त्यातूनच जाणणारा आणि जाणलेलं एक होईपर्यंत समजून घेणं, हा अर्थ आला. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात तो हिप्पींनी उचलला, पुढे प्रोग्रॅमरांनी. अध्यात्म गळालं, पण एखादी भाषा नुसती येणं वेगळं आणि ती अंगात भिनणं वेगळं, हा भेद टिकला.

खरा घोळ २०२२ चा. जानेवारीत आलेल्या एका शोधनिबंधात छोट्या न्यूरल नेटवर्कला, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकी यंत्रणेला, भागाकार शिकवला होता, तोही साधा नव्हे, सगळे आकडे ९७ ने भागून उरणाऱ्या बाकीतच मोजायचे असा. कोष्टकातली अर्धी उत्तरं दाखवली, अर्धी झाकली. प्रशिक्षणाच्या हजार पायऱ्यांच्या आतच दाखवलेली उत्तरं जवळजवळ बिनचूक झाली, झाकलेली मात्र चुकतच राहिली. शुद्ध घोकंपट्टी! एरवी प्रशिक्षण इथेच थांबवतात. इथे ते चालू राहिलं आणि दहा लाख पायऱ्यांच्या आसपास झाकलेली उत्तरंही बरोबर येऊ लागली. या प्रकाराला संशोधकांनी 'ग्रॉकिंग' म्हटलं.

नाव गाजलं, पण ते घाईचं होतं. त्यामुळे यंत्राला एका क्षणी साक्षात्कार झाला असं चित्र उभं राहिलं. २०२३ च्या एका अभ्यासाने ११३ ने भागून उरणाऱ्या बाकीत बेरीज करायला शिकलेलं नेटवर्क आतून उलगडून पाहिलं. ते साईन-कोसाईनची सूत्रं वापरून बेरीज करत होतं, आणि ही यंत्रणा उत्तरं सुधारण्याच्या बरीच आधीपासून हळूहळू घडत होती. घोकलेला भाग शेवटी पुसला गेला, तेव्हा बाहेरून उडी दिसली. गंमत म्हणजे कादंबरीतही ग्रॉक करायला घाई चालत नाही, वाट पाहावी लागते. म्हणजे नाव चपखलच निघालं, फक्त देणाऱ्यांच्या मनातल्या कारणासाठी नव्हे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये याच नावाचा चॅटबॉट आला. २०१६ पासून चिप बनवणाऱ्या एका कंपनीचं नाव उच्चाराला हेच, स्पेलिंगमध्ये शेवटचं अक्षर तेवढं वेगळं. तिने जाहीर पत्र लिहून नाव बदलायला सांगितलं. ते बदललं नाही.