रुईचा चीक, खेकड्याची नस आणि कर्करोगाची पेशी

खानदेशात रुई कुणी लावत नाही, ती येतेच. तापीकाठच्या केळीच्या बांधावर, धुळे-नंदुरबारच्या मुरमाड पडीक रानात. शनिवारी तिच्याच पानांची माळ मारुतीला जाते. कुंपणाला बिट्टी असते, रस्त्याच्या दुभाजकात कण्हेर. ही तिन्ही झाडं एकाच कुळातली आणि तिघांच्या चिकात, बियांत, पानांत एकाच जातीचं विष: हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी ग्लायकोसाइड्स. ‘गाठीवर रुईचा चीक चालतो’ हा सल्ला अधूनमधून कानावर येतो. तो धोकादायक आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण या विषाचा आणि कर्करोगाच्या संशोधनाचा संबंध मात्र खरा आहे.

शरीरातली पेशी सतत सोडियम बाहेर टाकते आणि पोटॅशियम आत ओढते (केळीला आपण पोटॅश देतो, त्यातलंच पोटॅशियम). हे काम करणारं प्रथिन सापडलं डेन्मार्कमध्ये. ऑर्हूस विद्यापीठातले येन्स स्कौ मूळचे डॉक्टर. भुलीच्या औषधाने नस बधिर कशी होते, एवढंच त्यांना शोधायचं होतं. त्यासाठी त्यांनी खेकड्यांच्या पायांतल्या नसा काढून वाटल्या आणि १९५७मध्ये सोडियम व पोटॅशियम दोन्ही असतील तेव्हाच जोमाने चालणारं एक एन्झाइम नोंदवलं. हाच सोडियम-पोटॅशियम पंप. ऊर्जेचा एक रेणू खर्चून तो तीन सोडियम बाहेर काढतो, दोन पोटॅशियम आत घेतो.

पुढचा प्रसंग मला फार आवडतो. १९५८मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत अमेरिकेचे रॉबर्ट पोस्ट यांनी स्कौंना विचारलं, तुमचं एन्झाइम वाबेनने थांबतं का? वाबेन म्हणजे आफ्रिकेत बाणांना लावायचं विष, तेही कण्हेरीच्याच कुळातल्या झाडांचं. असे पदार्थ तांबड्या रक्तपेशींतली ही ने-आण थांबवतात, हे शाट्झमान यांनी १९५३मध्येच दाखवलं होतं. स्कौंनी वाबेनचं नावही ऐकलं नव्हतं. त्यांनी प्रयोगशाळेत फोन करून तपासायला सांगितलं, आणि एन्झाइम थांबलं. नोबेल मिळायला मात्र १९९७ साल उजाडलं. तेव्हा ते ७९ वर्षांचे होते.

कर्करोगाकडे हा धागा आडवाटेने आला. १९६४मध्ये कुपचान आणि सहकाऱ्यांनी रुईच्या जवळच्या एका झाडातून कॅलोट्रॉपिन हे याच जातीचं विष वेगळं केलं आणि ते काचेच्या भांड्यात माणसाच्या कर्कपेशी मारतं, असं दाखवलं. दुसरीकडे १९८४मध्ये पांढऱ्या पेशींतल्या पोटॅशियमच्या वाटा बंद केल्या की त्यांची वाढ खुंटते, हे दिसलं. १९९९मध्ये जर्मनीत अशीच एक पोटॅशियम वाहिनी गाठ वाढवायला हातभार लावते, असं आढळलं. आयनांची (सोडियम-पोटॅशियमसारख्या विद्युतभारित कणांची) ने-आण आणि पेशींचं विभाजन यांचं काही नातं आहे, हे आता उडवून लावता येत नव्हतं.

मग रुईचं औषध का झालं नाही? कारण हा पंप फक्त गाठीत नाही, हृदयातही आहे, मेंदूतही. डिजॉक्सिन हे याच जातीचं हृदयाचं औषध. त्याच्याही उपचाराच्या आणि विषाच्या मात्रेत अंतर थोडंच असतं. त्यात उंदरांनी चकवा दिला. उंदराच्या शरीरात सगळीकडे असणारा पंप या विषाला माणसाच्या पंपापेक्षा शेकडो पटींनी दाद कमी देतो. उंदरात माणसाची गाठ वाढवून औषध दिलं की गाठ मरते, उंदीर मजेत राहतो. माणसात तोच डोस पेशंटला आधी मारेल. ‘उंदरांवर यशस्वी’ अशा बातम्या वाचताना निदान या औषधांपुरतं एवढं ध्यानात ठेवावं.

भुलीच्या औषधाचा धागा मात्र आपल्याकडेच पुढे गेला. जळगाव-भुसावळहून गाडीत बसून ज्या टाटा हॉस्पिटलला पेशंट जातात, तिथल्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली देशातल्या ११ केंद्रांत १६०० स्त्रियांवर चाचणी झाली. सुरुवातीच्या टप्प्यातल्या स्तनाच्या कर्करोगात, शस्त्रक्रियेआधी काही मिनिटं गाठीभोवती लिडोकेन टोचायचं. ही भूल पेशीच्या सोडियम वाहिन्या बंद करते. २०२३मध्ये निष्कर्ष छापून आले: पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण लिडोकेन न दिलेल्या गटात ८६.४ टक्के, तर दिलेल्या गटात ९०.१ टक्के होतं. वाहिन्या बंद झाल्याने पेशींचं पसरणं अडलं, हा तर्क आहे. चाचणीने सिद्ध केलं ते फक्त आयुष्य वाढल्याचं. लिडोकेन स्वस्त आहे, जळगाव-धुळ्याच्या कुठल्याही ऑपरेशन थिएटरमध्ये असतं. आपल्या भागात तंबाखूमुळे दिसणाऱ्या तोंडाच्या कर्करोगाला मात्र हा निष्कर्ष परस्पर लावता येणार नाही. त्यासाठी वेगळी चाचणी हवी.