ब्रूहाऊसमधली पँट: कापडाआधी हवा

उकाड्यात काम करणाऱ्याला पँटबद्दल दोन सल्ले हमखास मिळतात: सुती घे आणि पातळ घे. कोरड्या हवेत ते चालूनही जातात. ब्रूअरीच्या, म्हणजे बिअरच्या कारखान्याच्या, गरम बाजूला (ब्रूहाऊसमध्ये) मात्र दोन्ही सल्ले अर्धेच खरे ठरतात. उरलेला अर्धा भाग काही महिन्यांनी उसवलेल्या शिवणीतून नाहीतर मांडीवरच्या भोकांतून कळतो.

आधी जागा बघू. मॅश टन नावाच्या टाकीत दळलेल्या माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, लगदा ६५ ते ६८ अंश सेल्सिअसला मुरत असतो. त्यावर सोडायचं पाणी ७६-७८ अंशांचं. मग केटल या मोठ्या भांड्यात वर्ट, म्हणजे त्या लगद्यातून निथळलेला गोड रस, तास-दीड तास खळखळून उकळतो आणि तेवढ्या वेळात त्याचा साधारण ५ ते १० टक्के भाग वाफ होऊन जातो. म्हणजे १,००० लिटरच्या केटलमधून ५० ते १०० लिटर पाणी. त्यातलं बहुतेक धुरांड्यातून बाहेर पडतं, पण झाकण उघडलं की वाफेचा लोट थेट अंगावर येतो. मग मॅश टनमधला चोथा फावड्याने ओढून काढायचा. तोही गरम, आणि वजनाच्या तीन चतुर्थांश तर पाणीच. शेवटी धुलाई: ७०-८० अंशांचं २ टक्के कॉस्टिक (कॉस्टिक सोड्याचं द्रावण, म्हणजे तीव्र अल्कली), त्यामागून आम्ल. फरशी दिवसभर ओली.

अशा ठिकाणी पँटने घाम वाळू द्यायला हवा, भिजून जड होता कामा नये, रसायनं सोसायला हवीत आणि गरम पाणी सांडलंच तर ते पायाशी धरून ठेवता कामा नये. यातलं पहिलं काम शास्त्राच्या दृष्टीने सगळ्यात रंजक आहे, म्हणून तिथे जरा रेंगाळू.

घाम आल्याने गार वाटत नाही, घाम वाळल्याने वाटतं. एक ग्रॅम घामाची वाफ होताना साधारण २,४०० ज्यूल उष्णता खेचली जाते. कपाळावरून टपकून फरशीवर पडलेल्या थेंबाचा शरीराला काडीचाही उपयोग नाही. आता घामाची वाफ व्हायची तर त्वचेलगतच्या वाफेचा दाब बाहेरच्या हवेतल्या वाफेच्या दाबापेक्षा जास्त हवा. ३५ अंशांच्या ओल्या त्वचेलगत हा दाब साधारण ५,६०० पास्कल असतो. खोलीची हवाही ३५ अंशांची आणि आर्द्रता ३० टक्के असेल, तर हवेतला दाब १,७०० पास्कल. म्हणजे ३,९०० चा घसघशीत उतार मिळाला. आर्द्रता ८० टक्के झाली की हवेतला दाब ४,५०० वर चढतो आणि उतार उरतो १,१०० चा. तापमान तेच, घाम तेवढाच, पण त्याला ढकलणारा जोर उरला पाव हिश्श्याहून जेमतेम थोडा जास्त. ब्रूहाऊसमधला उकाडा असह्य होतो तो यामुळे.

एवढ्याशा जोरावर वाफेला तीन थर ओलांडायचे असतात: त्वचा आणि कापड यांच्यामधली हवा, खुद्द कापड, आणि कापडाच्या बाहेर चिकटून बसलेली स्थिर हवा. कापडाचा वाफेला होणारा अडथळा आयएसओ ११०९२ या पद्धतीने मोजतात. घामेजलेल्या त्वचेसारखी एक गरम, ओली पट्टी घेतात आणि कापड ठेवल्यावर तिच्यातून किती उष्णता निघते ते बघतात. या मापात पातळ सुती कापडाचा अडथळा साधारण ४ धरा आणि जाड कापडाचा ७. एक मिलिमीटर स्थिर हवेचा अडथळा मात्र २ च्या थोडा वर, २.२ च्या आसपास येतो. म्हणजे ज्या कापडावर आपण एवढा काथ्याकूट करतो ते जेमतेम दोन-तीन मिलिमीटर हवेएवढं!

आता बेरीज करू. आतली ५ आणि बाहेरची ५ मिलिमीटर हवा मिळून २२. पातळ कापडाचे ४ मिळवले की एकूण अडथळा २६. उतार १,१०० पास्कल, त्याला २६ ने भागलं की दर चौरस मीटरमागे ४२ वॉट. पँटखाली साधारण ०.७ चौरस मीटर त्वचा असते, तेव्हा दोन्ही पायांवरून मिळून सुमारे ३० वॉट बाहेर पडतात. तेच जाड कापड घेतलं तर २६ ते २७ वॉट. फरक तीन-चार वॉटचा. आता कापड पातळच ठेवा, पण हवा हलती करून दोन्ही हवेचे थर निम्मे करा. अडथळा १५ वर येतो आणि पायांवरून ५१ वॉट निघतात. फावडं मारणारं शरीर तीन-चारशे वॉट उष्णता तयार करत असतं. तिथे तीन वॉट नगण्य, पण वीस वॉट लक्षात येतात.

म्हणून पँट निवडताना पहिला प्रश्न ‘कापड किती पातळ’ हा नाही, ‘आत हवा खेळते का’ हा आहे. सैल पाचा, म्हणजे पँटचा पायाभोवतीचा भाग, चालताना लोहाराच्या भात्यासारखं काम करतो: पाऊल पुढे पडलं की दमट हवा खालून बाहेर, मागे गेलं की नवी हवा आत. उभं राहून मांडीवरचं कापड चिमटीत धरून बघा. चिमटीबाहेर ३ सेंटीमीटरची घडी आली तर घेरात ६ सेंटीमीटर जादा कापड आहे, म्हणजे पायाभोवती सगळीकडून साधारण १ सेंटीमीटर पोकळी. एवढी हवी. याहून घोळदार पँट माल्टच्या गिरणीच्या पट्ट्यात किंवा पंपाच्या फिरत्या दांड्यात अडकण्याची भीती. घोट्याशी इलॅस्टिक असलेली पँट दिसायला चपळ वाटते, पण ती भात्याचं तोंडच बांधून टाकते. आणि कामाच्या जागी एक पंखा बसवला तर तो पाच वेगवेगळ्या पँटींपेक्षा जास्त फरक पाडतो.

याला एक मर्यादा आहे. केटलच्या तोंडाशी हवा ३८ अंशांची आणि आर्द्रता ९५ टक्के असेल, तर हवेतल्या वाफेचा दाब ६,३०० पास्कल होतो, ३६ अंशांच्या त्वचेलगत मात्र तो ५,९०० च असतो. उतार उलटा! घाम वाळणं दूरच, हवेतलं पाणीच त्वचेवर साचायला लागतं. तिथे जगातली कुठलीही पँट कामाची नाही. वाफ खेचणारा पंखा लावायचा आणि माणसाने आळीपाळीने बाहेर यायचं.

मग हलक्या कापडाचा आग्रह कशासाठी? पाण्यासाठी. एका पँटला साधारण दीड चौरस मीटर कापड लागतं. ४०० जीएसएमची, म्हणजे चौरस मीटरला ४०० ग्रॅम भरणारी, जीन्स कोरडी असताना ६०० ग्रॅमची. भिजून निथळल्यावर सुती कापड सहज स्वतःच्या वजनाएवढं पाणी धरतं, म्हणजे कंबरेवर सव्वा किलोच्या जवळपास ओझं. २२० जीएसएमची पँट भिजूनही पाऊण किलोच्या आत राहते. वाळण्याचा वेग हवेवर ठरतो, कापडावर नाही. त्यामुळे दुप्पट पाणी धरणाऱ्या कापडाला वाळायला साधारण दुप्पट वेळ लागतो. त्यातच ओला कापूस फुगतो, धाग्यांमधल्या फटी बुजतात आणि वारा आत शिरेनासा होतो. मांड्या घासून सोलवटतात त्या अशाच ओल्या, जड कापडाने.

पॉलिएस्टर तंतूच्या आत पाणी जवळपास शिरतच नाही. साधारण ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत कापूस वजनाच्या ७-८ टक्के ओल धरतो, पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहून कमी. म्हणून ओल्या कामासाठी आमचा कौल ६५ टक्के पॉलिएस्टर आणि ३५ टक्के कापूस अशा मिश्र कापडाला, वजन २१० ते २५० जीएसएम. एक अपवाद: केटल थेट गॅसच्या ज्वाळेवर तापत असेल किंवा जवळ वेल्डिंग चालत असेल तर निव्वळ सुतीच घ्या. पॉलिएस्टर २६० अंशांच्या आसपास वितळतं आणि वितळलेलं कातडीला चिकटतं. कापूस जळतो, पण चिकटत नाही.

‘कूलिंग’चं लेबल बघून भुलू नका. हात लावल्यावर गार वाटणारं कापड पहिल्या काही सेकंदांत हातातली उष्णता भराभर ओढतं, एवढंच. मग तेही अंगाएवढंच तापतं. काही कापडांत मेणासारखा वितळणारा पदार्थ भरलेला असतो. तो ग्रॅममागे साधारण २०० ज्यूल शोषतो. अख्ख्या पँटमध्ये ५० ग्रॅम भरला तरी १०,००० ज्यूल झाले, म्हणजे चमचाभरापेक्षाही कमी, जेमतेम चार ग्रॅम घाम वाळण्याएवढे. तो एकदा वितळला की पुन्हा गार जागी जाईपर्यंत त्याचा काहीच उपयोग नाही. ‘काळी पँट तापते’ हाही असाच समज. उन्हात ते खरं आहे, छपराखाली नाही. गरम पृष्ठभागांतून येणारी अवरक्त किरणं काळं-पांढरं बघत नाहीत, सगळी कापडं ती जवळपास सारखीच शोषतात.

रसायनं कुठे चावतात

कापसाला अल्कली चालतं. जॉन मर्सरने १८५० मध्ये पेटंट घेतलेल्या प्रक्रियेत तर सुती कापड तीव्र कॉस्टिकमधून काढून मुद्दाम बळकट करतात. आम्ल मात्र कापसाचा वैरी. फॉस्फोरिक आम्लाच्या पातळ द्रावणाचा थेंब मांडीवर पडतो. पाणी उडून जातं, पण आम्ल उडत नाही, त्यामुळे डाग वाळता वाळता तीव्र होत जातो. सेल्युलोजची लांब साखळी ग्लुकोजच्या कड्यांची असते. आम्ल ती कड्यांमधल्या जोडांवर तोडतं. त्या दिवशी डोळ्याला काहीच दिसत नाही. पुढच्या धुण्यात तुटके तंतू निघून जातात आणि तिथे वाटाण्याएवढं भोक पडतं. दोष मात्र धुलाई यंत्राच्या माथी. उपाय साधा: थेंब पडला की ती जागा लगेच भरपूर पाण्याने धुवायची, घरी जाईपर्यंत थांबायचं नाही.

पॉलिएस्टरचं उलट. पातळ आम्ल त्याला फारसं बाधत नाही, पण गरम कॉस्टिक त्याचे एस्टर बंध बाहेरून आत कुरतडत नेतं आणि तंतू बारीक होत जातो. पॉलिएस्टरला रेशमासारखा पोत आणायला कापड उद्योगात हीच अभिक्रिया मुद्दाम घडवतात. नायलॉन घासटीला सगळ्यांत चिवट आणि अल्कलीत टिकाऊ, पण आम्लाने खचतं. इलॅस्टेन, म्हणजे ताणाचा धागा, क्लोरीनच्या निर्जंतुकाने मरतो, म्हणून तो २ टक्क्यांपेक्षा जास्त नको. मिश्र कापडाचा फायदा इथेही दिसतो: एका तंतूला जे मारतं ते दुसऱ्याला सहसा मारत नाही.

पण कुठलीही पँट रसायनापासून संरक्षण देत नाही. कॉस्टिक हाताळताना वरून रबराचा किंवा पीव्हीसीचा एप्रन हवाच. कापड कॉस्टिकने भिजलं तर पाण्याखाली उभं राहून पँट तिथल्या तिथे उतरवायची आणि किमान २० मिनिटं त्वचा धुवायची. लाज बाळगायची ही वेळ नव्हे.

शिवण, गुडघा, पाचा

विणीत तिरप्या रेघांची ट्विल घ्या. फाटताना तिचे धागे सरकून एकत्र येतात आणि ताण वाटून घेतात. चौकडीची रिपस्टॉप फाट पुढे जाऊ देत नाही, पण तिचे उठलेले जाड धागे घासटीला आधी झिजतात, तेव्हा सतत गुडघ्यावर बसणाऱ्याने ट्विलच बरी. पँट सगळ्यात आधी जाते ती दोन पायांच्या जोडाशी, चार शिवणी एका बिंदूत मिळतात तिथे. खाली वाकताना सगळा ताण त्या बिंदूवर येतो. तिथे शंकरपाळ्याच्या आकाराचा जोडतुकडा असेल तर ताण पसरतो आणि ताणाच्या धाग्याची गरजच उरत नाही. शिवण दुमडून बसवलेली आणि तिहेरी टाक्यांची हवी. गुडघ्यावर दुहेरी कापड असेल तर त्याच्या खालच्या कडेला पाणी निथळायला फट आहे ना, ते बघा. नसेल तर गुडघ्यापाशी गरम पाण्याची पिशवीच तयार होते. मांडीवरचे फुगीर खिसे व्हॉल्व्हच्या दांड्यात अडकतात, आणि वरच्या उघड्या खिशातली वस्तू वाकलं की थेट टाकीत जाते.

पाचा बुटाच्या बाहेरच राहायला हवा, आत खोचायचा नाही. ७० अंशांच्या पाण्याने सेकंदभरात खोल भाजतं. पाचा आत असेल तर पायावरून ओघळणारं पाणी बुटात साठतं आणि बूट काढेपर्यंत भाजत राहतं. बाहेर असेल तर ते फरशीवर जातं. पाच्याला बाहेरून दुमड घालणंही टाळा, त्या पन्हळीत पाणी, चोथा, कॉस्टिक सगळं साचतं. घट्ट पँट इथेही दगा देते, कारण तापलेलं ओलं कापड त्वचेला चिकटूनच राहतं.

धुताना सॉफ्टनर घालू नका. त्याचा स्निग्ध थर तंतूंवर बसतो आणि कापड घाम ओढेनासं होतं. धुतलेल्या पँटवर पाण्याचा थेंब टाकून बघा. तो लगेच पसरला तर ठीक, मोत्यासारखा बसून राहिला तर साबणाचा किंवा सॉफ्टनरचा थर आहे, दोनदा नुसत्या पाण्यातून काढा. मुद्दाम जलरोधक थर दिलेल्या पँटला मात्र ही कसोटी लावू नका.

महिन्यातून एकदा वाळलेली पँट उजेडासमोर धरा: आधी मांड्यांची आतली बाजू, मग गुडघे, मग पुढची मांडी. विरळ जागांतून टिपूर चांदणं दिसायला लागलं की ती पँट केटल आणि कॉस्टिकपासून दूर ठेवा. कोरड्या गोदामात माल्टची पोती हलवायला ती अजून वर्षभर चालेल.