सिंथेसायझरची मिडी जुळणी

सिंथेसायझर, ऑक्टोपॅड (काठीने वाजवायचे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य), संगणक अशी वाद्ये-उपकरणे एकमेकांना जोडल्यावर हुकूम कोणी द्यायचा आणि कोणी कोणता पाळायचा, हे वाद्याच्या मेनूत ठरवून ठेवणे म्हणजे मिडी जुळणी. सांगली-मिरज भागातल्या ऑर्केस्ट्रांत हे काम बहुधा कीबोर्डवाल्याच्याच गळ्यात पडते.

मिडी म्हणजे वाद्यांनी एकमेकांना हुकूम देण्याची ठरलेली पद्धत. तिच्या केबलमधून आवाज जात नाही. कोणती की दाबली, किती जोराने दाबली, कधी सोडली, एवढेच आकडे जातात आणि आवाज पलीकडचे वाद्य स्वतः काढते. सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने ही पद्धत आकाराला आली. जानेवारी १९८३ मध्ये प्रॉफेट-६०० आणि ज्युपिटर-६ ही दोन कंपन्यांची वाद्ये प्रदर्शनात जोडून दाखवली गेली. पाच पिनांची केबल, सेकंदाला ३१,२५० बिटांचा वेग, १६ चॅनेल आणि ० ते १२७ हे आकडे आजही तसेच आहेत.

जुळणीत पहिला मान चॅनेलचा, म्हणजे हुकूम ज्या क्रमांकाच्या वाटेने जातो तिचा. ऑक्टोपॅडच्या ‘आउट’मधून निघालेली केबल कीबोर्डच्या ‘इन’मध्ये घातली, की प्रत्येक पॅड आपला ठरलेला स्वरक्रमांक पाठवतो. जनरल मिडीच्या संकेतानुसार बेस ड्रम ३६, स्नेअर ३८ आणि तालवाद्यांसाठी चॅनेल १०. कीबोर्डच्या १० व्या चॅनेलवर ड्रम किट असेल तर सगळे ठीक. पण ऑक्टोपॅड चॅनेल १ वर पाठवत असेल आणि तिथे पियानो लावलेला असेल, तर काठी पडताच पियानोचा खर्जातला सा आणि रे वाजतो. अशा वेळी वाद्य बिघडले म्हणून दुकान गाठणारे कमी नाहीत. दोन्ही मेनूंत चॅनेलचा आकडा एकच आहे ना, एवढे आधी पाहावे.

गायकाची पट्टी हा आपल्याकडचा खास मुद्दा. परदेशी माहितीपुस्तिकेत त्याला जेमतेम एक ओळ मिळते. कीबोर्डवाला पांढरी एकमध्ये वाजवतो आणि ट्रान्सपोज (सगळे स्वर सारखेच वर-खाली सरकवण्याची सोय) +१ करून काळी एक काढतो. काही वाद्यांत हा बदल फक्त स्वतःच्या आवाजाला लागतो, तर काहींत केबलमधून जाणारे स्वरक्रमांकही सरकतात. ते सरकत असतील आणि केबलने जोडलेल्या दुसऱ्या कीबोर्डवरही +१ ठेवलेले असेल, तर गायक काळी एकमध्ये आणि तो कीबोर्ड पांढरी दोनमध्ये! ट्रान्सपोज एकाच ठिकाणी ठेवावा, दुसरीकडे शून्य.

मास्टर ट्यूनचे, म्हणजे अख्ख्या वाद्याचा सूर किंचित चढवण्या-उतरवण्याच्या सोयीचे, वेगळे. साध्या स्वरसंदेशात कीचा क्रमांक असतो, त्या स्वराची नेमकी उंची नसते. मिरज हे सतार-तानपुऱ्यांचे गाव, २०२४ मध्ये या दोन्हींना भौगोलिक मानांकनही मिळाले. इथे सुगमच्या मैफलीत तानपुरा आणि कीबोर्ड शेजारी असणे नवलाचे नाही. तानपुरा ४४० हर्ट्झच्या हिशेबापेक्षा किंचित चढा लागला असेल, तर जोडलेल्या प्रत्येक कीबोर्डचा मास्टर ट्यून आपापल्या मेनूत वेगळा चढवावा लागतो. एकाचाच चढवला तर दोघांचे स्वर एकमेकांत लहरतात.

संगणकावर रेकॉर्डिंग करताना प्रत्येक स्वर दोनदा, घोगरा उमटू लागला तर ‘लोकल कंट्रोल’ बंद करावा. की दाबल्यावर एक हुकूम वाद्यातल्या वाद्यात जातो आणि दुसरा संगणकाला वळसा घालून येतो, त्याचा हा परिणाम. मात्र काम झाल्यावर तो पुन्हा सुरू करायचा राहिला, तर कार्यक्रमात की दाबून काहीच वाजत नाही.

लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा) आणि अर्पेजिएटर (दाबलेले स्वर एकामागून एक आपोआप वाजवणारी सोय) एका लयीत ठेवण्यासाठी क्लॉक असतो, एका मात्रेला २४ ठोके. एकच वाद्य ‘इंटर्नल’ (स्वतःच्या लयीवर) ठेवून बाकीची ‘एक्स्टर्नल’ (बाहेरून येणाऱ्या लयीवर) करायची. एक्स्टर्नलवर ठेवलेल्या वाद्याची केबल निघाली, तर त्याचा लूप सुरूच होत नाही.

पॅच (वाद्यातला साठवलेला आवाज) बदलण्याचा हुकूम ० पासून मोजतो आणि बऱ्याच वाद्यांचा पडदा १ पासून. म्हणून २५ मागितला की कधी कधी २६ येतो. यूएसबीवर जोडताना आणखी एक अडचण येते. बहुतेक कीबोर्डांचे चौकोनी यूएसबी तोंड संगणकासाठीच असते, त्यामुळे दोन कीबोर्ड त्यावरून थेट जोडता येत नाहीत. दोन्हींना पाच पिनांची तोंडे असतील तर तीच वापरावीत. केबल मात्र १५ मीटरच्या आत असावी.

हे सारे बदल अनेक वाद्यांत ‘राइट’ केल्याशिवाय, म्हणजे वाद्यात साठवल्याशिवाय, टिकत नाहीत. गणेशोत्सवात मांडवातली वीज जनरेटरवर जाताना क्षणभर खंड पडतो आणि वाद्य जुन्या मांडणीवर उघडते. म्हणून साउंड चेक संपताच राइट करावे आणि चॅनेल, ट्रान्सपोज, क्लॉक यांचे आकडे कागदावर लिहून तो कीबोर्डच्या पाठीला चिकटवावा.